शेज, खुर्ची की घोडागाडी?

प्रश्न : सोफा घ्यायला गेलो होतो. दुकानदार एका लांबट बैठकीला 'शेज लाउंज' म्हणत होता. आमची सौ. म्हणाली, "अहो, शेज म्हणजे बिछाना, आपलाच शब्द!" घरी एका जुन्या इंग्रजी कादंबरीत हाच शब्द घोडागाडीसाठी सापडला. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वहिनींना सांगा, चुकल्या तरी झकास चुकल्या. आपली शेज संस्कृत शय्येची. शय्या, सेज्जा, शेज अशी उतरत आली आणि शेजारतीत देवाच्याही वाट्याला आली. दुकानातली शेज फ्रेंच. दोघींचं नातं फक्त कानापुरतं.

फ्रेंचमध्ये 'शेज' म्हणजे साधी पाठीची खुर्ची. मूळ शब्द 'शेर'. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास पॅरिसकरांना दोन स्वरांमधल्या 'र'चा 'झ' करायची खोड लागली. बहुतेक शब्दांतून ती गेली, इथे मात्र चिकटून बसली. मग दोन्ही शब्दांनी कामं वाटून घेतली. शेर राहिली चर्चमधल्या प्रवचनकाराकडे आणि प्राध्यापकाकडे (आपल्या विद्यापीठांतलं 'अध्यासन' ते हेच), आणि शेज गेली जेवणाच्या टेबलाशी. या सगळ्यांच्या मागे लॅटिन 'काथेड्रा', त्याच्याही मागे तोच ग्रीक शब्द. आणि त्यातल्या 'हेड्रा'चा बसण्याचा धातू तोच, जो संस्कृतात 'सद्' झाला. तेव्हा वहिनींना नातं जोडायचंच असेल, तर ते संसदेशी आणि उपनिषदाशी जोडावं.

आता गाडी. खुर्चीभोवती खोका उभारून, दांडे लावून दोघांनी उचलली, तरी फ्रेंच तिला शेजच म्हणत, 'उचलायची शेज'. आपल्या मेण्यात ऐसपैस आडवं होता येतं, तिच्यात ताठ बसायचं. पुढे चाकं आली, घोडा आला, नाव तेच राहिलं. इंग्रजांकडे बसायला 'चेअर' होतीच, त्यामुळे अठराव्या शतकात त्यांनी शेज गाडीलाच ठेवली : हलकी, दोघांपुरती, बहुधा एका घोड्याची. गंमत म्हणजे शेवटचा 'झ' अनेकवचनाचा वाटून लोकांनी 'शे' असं एकवचन पाडलं. आपण 'एक चिप्स दे' म्हणतो, त्याच्या नेमकं उलट.

याच गाडीनं मला एकदा तोंडघशी पाडलं. उमेदवारीच्या दिवसांत एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करत होतो. 'पोस्ट-शेज' आली. फ्रेंच नुकतंच शिकलेलो, शब्दकोश कशाला उघडायचा? नायिका 'टपालखुर्चीत बसून रातोरात लंडनला निघाली'. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'खुर्चीला घोडे किती?' त्या कागदाची घडी अजून माझ्या शब्दकोशात आहे. पोस्ट-शेज म्हणजे भाड्याची, चारचाकी, बंद गाडी. तिला पुढे गाडीवानाची बैठकच नसे. हाकणारा डाव्या घोड्यावर स्वार व्हायचा, त्यामुळे आतल्यांना समोरच्या काचेतून रस्ता मोकळा दिसे. टप्प्याटप्प्यावरच्या खाणावळीत घोडे बदलायचे. नावातलं 'पोस्ट' आलं ते या टप्प्यांवरून, पत्रांशी प्रवाशाचा संबंध नाही.

राहता राहिलं 'लाउंज'. मूळ शब्द 'शेज लाँग', म्हणजे सरळ 'लांब खुर्ची', पाय पसरता येतील अशी. 'लाँग'चं फ्रेंच स्पेलिंग इंग्रजी 'लाउंज'च्या इतकं जवळ, आणि त्यावर लोळायचंच असल्यामुळे अमेरिकेत 'लाउंज' रूढ झालं. शुद्धाशुद्धाचा वाद दुकानदाराशी घालू नका. मराठीत लिहिताना 'आरामखुर्ची' टाळा; ते ऐकलं की लांब हातांची, वेताची किंवा कापडी खुर्ची डोळ्यांपुढे येते. 'लांब बैठक' चालेल. दुकानात 'लाउंजर' म्हणा, लगेच दाखवतील. आणि जिन्याच्या वळणाचं माप आधी घ्या.