वाचकांचे प्रश्न : इंजिन मागे गेले, कॉर्व्हेट तीच राहिली का?

प्रश्न : जनरल मोटर्सच्या शेव्हरोले ब्रँडची अमेरिकन स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट हिच्या १९५३पासून आठ पिढ्या झाल्या. पहिल्या सात पिढ्यांत इंजिन चालकाच्या पुढे होते, आठव्या पिढीत मात्र ते पाठीमागे गेले. मग या गाडीला कॉर्व्हेट का म्हणावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु या गाडीचा इतिहास पाहिला तर आठवी पिढी परकी वाटत नाही. कॉर्व्हेटचे वजन पुढून मागे नेण्याची खटपट दुसऱ्या पिढीपासूनच चालू होती.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम मांडली गेली आणि ३० जूनला मिशिगनमधील फ्लिंट येथे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षीच्या तीनशे गाड्या साऱ्या पांढऱ्या, आतून लाल आणि फायबरग्लासच्या बॉडीच्या. रूप देखणे होते, पण बॉनेटखाली १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि जोडीला दोनच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स! १९५५ मध्ये जेमतेम ७०० गाड्या तयार झाल्या. त्याच वर्षी आलेले व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरचे) इंजिन आणि झोरा आर्कस-डन्टॉव यांची चिकाटी यांमुळेच ती तगली, असे माझे ठाम मत आहे. ब्रसेल्समध्ये जन्मलेले हे अभियंते प्रदर्शनातल्या गाडीवर भाळले आणि १९५३ मध्येच कंपनीत रुजू झाले.

वेग वाढवताना गाडीचा भार मागच्या चाकांवर येतो. इंजिनाची ताकद त्याच चाकांना मिळत असेल, तर इंजिन त्यांच्या जवळ असण्याने टायरची रस्त्यावरची पकड वाढते. डन्टॉव यांनी १९६० मध्येच चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेली एकआसनी प्रायोगिक गाडी बांधली. तशी कॉर्व्हेट विक्रीला आणण्यास मात्र वरिष्ठांची संमती मिळेना, कारण चालू गाडीचा खप चांगला असताना इतका खर्च त्यांना पटत नव्हता.

तरीही १९६३ च्या स्टिंग रेमध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, नव्या चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) इंजिन आणि आसने मागे सरकवली गेली, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन (धक्के झेलणारी यंत्रणा) मिळाले आणि पुढच्यापेक्षा मागच्या चाकांवर किंचित अधिक भार आला. या गाडीची मागची काच मधोमध एका पट्टीने दुभंगलेली होती. स्टायलिंगचे प्रमुख बिल मिचेल यांचा तिच्यावर जीव होता, पण आरशात मागचा रस्ता दिसावा यासाठी डन्टॉव अडून बसले आणि पुढच्याच वर्षी पट्टी गेली. आज संग्राहक नेमकी ती पट्टीचीच गाडी शोधत फिरतात.

१९६८ ते १९८२ ही तिसरी पिढी दिसायला सर्वांत नाट्यमय, परंतु प्रदूषणाच्या नियमांपुढे १९७५ मध्ये तिचे साधे इंजिन १६५ अश्वशक्तीवर उतरले. १९८४ च्या चौथ्या पिढीने हाताळणी सुधारली. खरे पाऊल पडले ते १९९७ मध्ये : पाचव्या पिढीत गिअरबॉक्स इंजिनापासून काढून मागच्या चाकांमध्ये बसवला गेला, त्यामुळे दोन्ही टोकांचे वजन जवळजवळ समान झाले आणि पाय ठेवायला ऐसपैस जागाही मिळाली. सहाव्या आणि सातव्या पिढीने हीच मांडणी पुढे नेली, पण २०१९ च्या झेडआर-१ या सातव्या पिढीतल्या सर्वांत ताकदवान गाडीची ७५५ अश्वशक्ती दोन चाकांतून रस्त्यावर उतरवताना ही मांडणी तोकडी पडू लागली. त्यानंतर उरले ते इंजिनच, आणि २०२० मध्ये तेही मागे गेले.

शिवाय त्या गाडीतले ६.२ लिटरचे व्ही-८ जुन्याच परंपरेतले आहे : कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह चालवणारा फिरता दांडा) इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड, म्हणजे ढकलणाऱ्या दांड्या. हरवले ते दुसरेच. आठव्या पिढीत क्लच दाबून हाताने गिअर टाकण्याची सोयच नाही, आणि मला त्याची हळहळ इंजिनाच्या जागेपेक्षा कितीतरी अधिक वाटते.

प्रश्न : १९८३ सालची कॉर्व्हेट कुठेच का दिसत नाही?

उत्तर : त्या वर्षाचे मॉडेल विक्रीला आलेच नाही. चौथ्या पिढीची तयारी लांबल्याने कंपनीने थेट १९८४ चे मॉडेल बाजारात आणले. चाचणीसाठी बांधलेल्या चाळीसहून अधिक गाड्यांपैकी एकच पांढरी गाडी वाचली, आणि ती केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे, कारखान्याजवळच्या कॉर्व्हेट संग्रहालयात पाहायला मिळते.