क्रमांक बघा, पण पुरवठादाराच्या शॉपफ्लोअरवरही जा

विकसनशील देश स्मार्ट फॅक्टरीसाठी (सेन्सर, रोबो आणि डेटावर चालणाऱ्या कारखान्यासाठी) किती तयार आहे हे ठरवताना जागतिक निर्देशांकातला क्रमांक पुरेसा धरावा का, असं तुम्ही तुमच्या अहवालासाठी विचारलंय. माझ्या मते नाही. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण त्यावर धोरण ठरवू नये.

जागतिक आर्थिक मंचाने २०१८ मध्ये १०० देश दोन अंगांनी तपासले: आजचा उत्पादनाचा पाया केवढा, आणि पुढच्या बदलाला लागणारं बळ (तंत्रज्ञान, मनुष्यबळ, गुंतवणूक, संस्था वगैरे) किती. भारत पहिल्यात ३०वा आला, दुसऱ्यात ४४वा. यातली दरी हीच खरी माहिती, पण बातमीत छापून येतो एकच आकडा. शिवाय दोन्हीकडे 'देश' हे एकसंध एकक धरलेलं असतं. प्रत्यक्षात मोठ्या कारखान्यात रोबो वेल्डिंग करतो आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्याचं प्रॉडक्शन अजून रजिस्टरवर असतं.

संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था युनिडो हिच्या २०२० च्या अहवालानुसार प्रगत डिजिटल उत्पादन तंत्रज्ञानाची सुमारे ९० टक्के पेटंट्स दहाच अर्थव्यवस्थांकडे आहेत. म्हणजे बाकीचे बहुतेक गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाच्या तयारीची कसोटी वेगळी: घेतलेली यंत्रणा विक्रेत्याचा इंजिनिअर परत गेल्यावरही चालते का?

आता एक जुनं लेथ घ्या. त्याला डेटा देणारा पोर्टच नाही. मोटरच्या वायरवर करंट ट्रान्सफॉर्मर (वायरमधला प्रवाह मोजणारी कडी) चिमटलात की मशीन चालू आहे की बंद एवढं स्क्रीनवर दिसतं, तेही तुलनेने स्वस्तात. पण बंद का आहे? ते ऑपरेटरने बटण दाबून सांगायचं. यादीत 'टूल बदल', 'माल नाही', 'सेटिंग' आणि शेवटी 'इतर' असे पर्याय असतात. काही दिवसांतच सगळे थांबे 'इतर'मध्ये जमा होऊ लागतात, कारण खरं कारण दाबलं तर सुपरवायझर येऊन झापतो, हे ऑपरेटरला ठाऊक असतं. वर डॅशबोर्ड मात्र झकास दिसतो! सेन्सर मिळणं सोपं. खरं सांगितल्याबद्दल माणसाला शिक्षा होणार नाही अशी रीत बसवणं अवघड. ही गोष्ट कुठल्याच निर्देशांकात सापडायची नाही.

विजेचंही तसंच. विद्युतीकरण शंभर टक्के झालं तरी क्षणभर व्होल्टेज खाली आलं (व्होल्टेज डिप) की मोटर चालवणारे ड्राइव्ह ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात, आणि लाइन थांबते. कॅलिब्रेशनची (मोजमाप बरोबर आहे का हे पडताळण्याची) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आवाक्यात नसेल तर सेन्सरचा आकडा नुसता आकडाच. आणि पीएलसीची (यंत्र चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाची) लॅडर, म्हणजे त्याचा आकृतीतला प्रोग्रॅम, वाचू शकणारा मेंटेनन्सचा माणूस पीएचडीधारकांच्या मोजणीत येत नाही; रात्रपाळीत गरज त्याचीच पडते.

उलट बाजूही बघा. आदिदासने जर्मनीत आन्सबाख इथे आणि अमेरिकेत अटलांटाला रोबोंवर चालणारे बुटांचे कारखाने उभे केले. तयारीच्या कुठल्याही यादीत हे दोन्ही देश वरच असणार. तरी २०१९ मध्ये कंपनीने ते बंद करण्याचं जाहीर केलं आणि ते तंत्रज्ञान आशियातल्या पुरवठादारांकडे वळवलं. पुरवठादारांचं जाळं आणि काम येणारे हात जिथे आधीच आहेत तिथे तंत्रज्ञान जातं, असा मी त्याचा अर्थ लावतो. यावर मतभेद असू शकतात.

मलेशियाचा मार्ग मला जास्त पटतो. २०१८ च्या 'इंडस्ट्री फॉरवर्ड' धोरणात लघु-मध्यम उद्योगांची कारखानानिहाय तपासणी ठेवली होती. सिंगापूरने त्याआधी, २०१७ मध्ये, कारखान्यालाच १६ निकषांवर तपासणारी चौकट काढली. दोन्हींत मोजणी खालून सुरू होते.

तुमच्या अहवालासाठी सुचवेन ते असं: निर्देशांकांचा तक्ता परिशिष्टात टाका. मुख्य भागात एखादं क्षेत्र निवडा आणि तिसऱ्या पायरीवरच्या पुरवठादारांना (मोठ्या कारखान्याच्या पुरवठादाराच्या पुरवठादाराला माल देणाऱ्यांना) तीनच गोष्टी विचारा. काल मशीन किती वेळ बंद होतं? ते कोणी आणि कधी लिहिलं? बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येतं आणि किती वेळात? पहिल्याचं उत्तर 'साधारण' या शब्दाने सुरू झालं, तर त्या क्षेत्राला एआयचं अनुदान देण्याआधी मीटर आणि फिटरच्या प्रशिक्षणाचे पैसे मागा.