पुस्तकांआधी माणसं जोड

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिली झाली, आता जूनपासून मुलगी घरीच शिकेल, हे तुम्ही दोघांनी ठरवलंत. सोबत पुस्तकांची, ॲपची आणि त्या महागड्या तयार पॅकेजची यादीही पाठवलीस. पॅकेज घेऊ नकोस. सात वर्षांच्या मुलीला पुरून उरेल एवढं साहित्य फुकट मिळतं. मिळत नाहीत ती माणसं, म्हणून तुझी खटपट तिकडे लाव.

साहित्याचं आधी सांगून टाकते. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने मोफत खुले केलेत. ते तिच्या हाती दे आणि ती वाचत असताना काही विचारू नकोस. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, तिथे मराठी पुस्तकं वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेली आहेत. विज्ञानासाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ उघड. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या घेऊन एक त्रिकोण आणि एक चौकोन करायला लाव. चौकोन बोटाने ढकलला की कलतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. मग तिला गावाबाहेरच्या विजेच्या मनोऱ्यापाशी ने आणि त्यात त्रिकोण शोधू दे. एवढ्याला दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत.

आता माणसं. सुरुवात ग्रंथालयापासून कर. आपल्याकडे अ, ब, क, ड वर्गांतली अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं लहान गावांतही आहेत, आणि बालविभागाचं कपाट बऱ्याच ठिकाणी कुलूपबंद असतं. ग्रंथपालांना भेटून सांग, दर बुधवारी मुलीला घेऊन येईन, कपाट उघडून द्याल का. ठरावीक वार आणि ठरावीक काम सांगितलं की माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. "मुलीकडे जरा लक्ष द्या" असं मोघम म्हटलं, तर काय करायचं हेच त्यांना कळत नाही.

तुमच्या गल्लीतल्या सुताराकडेही असंच जा. "हिला गणित शिकवा" म्हणालीस तर तो बिचारा संकोचेल. "फळी मापताना हिला टेपचं टोक धरू द्या" एवढंच म्हण. इंचाचे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा म्हणजे चार. तीन सूत जास्त कापलं तर फळी वाया, हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. दोन-चार महिन्यांनी अपूर्णांकांचा धडा उघडशील तेव्हा छेद आठ का, हे तिला समजावत बसावं लागणार नाही. गाणं किंवा तबला शिकवणारं कुणी जवळपास असेल तर तेही बघ. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना शाळेत नाव असावं लागत नाही, आणि घरी शिकणाऱ्या मुलांना बाहेरच्या गुरूची शिस्त फार उपयोगी पडते.

घरी शिकवणाऱ्या इतर कुटुंबांना गाठ. 'स्वशिक्षण' या नावाने अशा पालकांचं देशभरचं जाळं आहे, पुण्या-मुंबईत अशी घरं बरीच सापडतील. पण नुसतं फोनवर बोलू नकोस. मुलीला घेऊन एक अख्खा दिवस त्यांच्याकडे राहा. काय शिकवता, याची उत्तरं सगळ्यांकडे छान असतात. मंगळवारी सकाळी अकरा वाजता घरात काय चाललेलं असतं आणि तुम्ही आजारी पडलात तर मुलांकडे कोण बघतं, हे विचार. तुझ्या घराशी जुळणारं एखाद-दुसरं कुटुंब मिळालं तरी खूप झालं.

सासूबाई "दहावीचं काय?" म्हणतात, याचा राग मानू नकोस. त्यांची काळजी खरी आहे, तिला कागदाने उत्तर दे. २०१६ साली मुंबईची घरी शिकलेली एक मुलगी संगणकाच्या ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर अमेरिकेत एमआयटीला गेली, पण बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. म्हणून परीक्षेची वाट उघडी ठेवायचीच. एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयात, चौदाव्या वर्षी दहावीला नाव घालता येतं, नोंदणी पाच वर्षं चालते, विषय एकेक करून सोडवता येतात. त्याआधी हवी तर तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षाही आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, आणि पुण्याचं राज्य मुक्त विद्यालय मंडळ हेही पर्याय आहेत. केंद्र महाराष्ट्रातलंच निवड, कारण पुढे राज्याच्या कोट्यातून प्रवेश घेताना दहावी-बारावी कुठून केली ते बघतात.

कायद्याचंही स्पष्ट सांगते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, पण घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यताही दिलेली नाही. हे दोघांनी नीट समजून घ्या आणि घरातल्यांपासून लपवू नका.

शाळा सोडल्याचा दाखला मात्र न विसरता घे. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात यांची नोंद शाळेतूनच तपासून घे, चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करून माग. जातीच्या दाखल्यापासून सतरा नंबरच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे तो कागद विचारतात, आणि दहा वर्षांनी एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी किती खेटे पडतात ते मी जवळून बघितलंय. दाखला हातात आला की मला फोटो पाठव, मीही एकदा वाचून बघते.

तुझी,
मावशी