चिंचोक्यांनी अंकओळख: नव्या बालवाडीताईंसाठी

ताई, पहिला महिना पाटी-पेन्सिल बाजूलाच ठेवा. चार-पाच वर्षांची मुलं १ ते २० घडाघडा म्हणतात, पण ७ चिंचोके मागितले की ओंजळभर आणून देतात. म्हणजे पाठ आहे, मोजता येत नाही.

गटात पाच-सहाच मुलं घ्या. प्रत्येकाला एक करवंटी, १० चिंचोके. सुरुवात मात्र ५ पर्यंतच. फरशीवर खडूने गोल आखा. एका गोलात एक चिंचोका, ठेवताना एकच अंक मोठ्याने. गडबड इथेच होते: तोंड हाताच्या पुढे पळतं, नाहीतर एकच चिंचोका दोनदा मोजला जातो. टोकू नका. मोजलेला चिंचोका करवंटीत टाकायला सांगा, चूक बरीचशी आपोआप थांबते. मग विचारा, "एकूण किती?" मूल पुन्हा एकपासून सुरू झालं, तर शेवटचा अंक म्हणजेच एकूण संख्या हे त्याला अजून उमगलेलं नाही. अशा वेळी ३ वर परत या. पुढे रेटण्यात अर्थ नाही.

पंधरा मिनिटं पुरेत. वर्गात तीन वर्षांखालची भावंडं असतील तर चिंचोके काढूच नका, नाका-तोंडात जातात. डब्यांची मोठी झाकणं वापरा.

महागडे संच लागत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही परिसरातल्याच वस्तूंवर.

"लिहायला कधी शिकवणार?" असं पालक विचारणारच. वाद घालू नका. त्यांनाच मुलाकडून ७ चिंचोके मागायला सांगा.