स्टुटगार्टमध्ये आपलं वाटायला काय लागतं

तुम्ही विचारलंय: चिंचवडहून बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन जर्मनीत स्टुटगार्टला यायचंय, नोकरी पक्की आहे, पण तिथले लोक आपलं म्हणतील का, की भारतीय जास्त असलेल्या भागातच घर बघावं?

नऊ वर्षं इथे राहून सांगतो. म्हणतील, पण उशिरा, आणि तोंडाने कधीच नाही.

ओळख झाडूपासून सुरू होते, गंमत नाही. इथे 'केअरवोख' असते, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. जिना, तळघराची वाट, घरापुढचा फूटपाथ बिऱ्हाडकरूंनी आळीपाळीने साफ करायचा. स्टुटगार्टच्या १४९२ च्या नियमांपासून हे चालत आलंय म्हणतात. शहराने १९८८ मध्ये सक्ती काढली, भाडेकरारांतून मात्र ती गेली नाही. पाळी आली की तुमच्या दाराला पाटी लटकते. मला पहिल्यांदा ती शोभेची वाटली! सोमवारी खालच्या आजींनी बेल वाजवली, आमचं पायपुसणं उचललं, खालची धूळ दाखवली आणि चालत्या झाल्या. बायको म्हणाली, आपण काळे म्हणून. पण वरच्या जर्मन पोरालाही त्या तसंच झापायच्या. पुढच्या पाळीला मी पायपुसणं उचलून झाडलं. त्याच आठवड्यात आमचं पार्सल त्यांनी न सांगता ठेवून घेतलं. (सगळंच असं गोड नाही. घर शोधताना आमचं आडनाव बरेचदा आडवं आलं.)

दुसरी गोष्ट फेराइन, म्हणजे हौशी लोकांचं मंडळ. आपलं गणेश मंडळच समजा, फक्त बारा महिने चालणारं, वर्गणी आणि सभेच्या इतिवृत्तासकट. मी टेबल टेनिसच्या फेराइनमध्ये गेलो. दोन वर्षं खेळून थेट घरी यायचो आणि कुणी बोलत नाही म्हणून कुढायचो. बोलणं होतं खेळानंतर, बाकावर बसून. बिअर नको तर सफरचंदाच्या रसात सोडा घालून घ्या, पण बसा. तिसऱ्या उन्हाळ्यात जत्रेतल्या सॉसेजच्या स्टॉलवर कामाची यादी लागली, त्यात माझं नाव होतं, दुपारी दोन ते चार. मला कुणी विचारलंही नव्हतं. शाकाहारी माणूस दोन तास सॉसेज भाजत होता, आणि मनातून खूश होता.

मराठी मंडळींच्या गणपतीला जरूर जा, आम्हीही जातो. पण घर त्यासाठी निवडू नका. सहा-आठ बिऱ्हाडांची लहान इमारत बघा. ऑफिस इंग्रजीत चालतं आणि तिथेच माणूस फसतो: जिन्यात इंग्रजी चालत नाही. निघण्याआधी बी-१ पर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतपत, जर्मन करा, आणि बायकोलाही करू द्या. नाहीतर तुम्ही रुळता आणि ती घरात अडकते. आमच्याकडे हेच झालं होतं.

मतदानाचं म्हणाल तर, जर्मन नागरिक झाल्याशिवाय आपल्याला नगरपालिकेलाही मत नाही. २०२४ पासून पाच वर्षांनी अर्ज करता येतो, पण आपला भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. मी अजून केलेला नाही.

आणि मुलीच्या बालवाडीसाठी पत्ता मिळाला की त्याच दिवशी नाव नोंदवा, रांग मोठी असते.