भारतीय नाकासाठी नाकाची सर्जरी खरंच वेगळी करतात का?

तुमचं नाक रुंद आणि बसकं आहे, जाहिरातीत 'एथनिक ऱ्हायनोप्लास्टी' (म्हणजे वंशानुसार वेगळी केलेली नाकाची सर्जरी) असं वाचलंत, आणि हे खरंच काही वेगळं असतं की नुसतं पैसे वाढवायचं नाव, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. चार वर्षांपूर्वी पुण्यात ही सर्जरी करून घेतली, त्याआधी दोन सर्जनकडे जाऊन आले, तेवढ्या भांडवलावर सांगते.

पहिल्या डॉक्टरांनी माझा फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि दोन मिनिटांत चाफेकळी नाक काढून दाखवलं, शेंडा वर उचललेला. आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "ही कोण गं?" आमच्याकडे बाबा, आत्या आणि मी, तिघांचं नाक एकाच साच्यातलं. मला ते जरा नीटस हवं होतं, दुसऱ्या कुणाचं नको होतं.

दुसऱ्या मॅडमनी फोटो नंतर काढला. आधी नाकाचा शेंडा बोटाने दाबला, सोडला, परत दाबला. मग शेंड्यावरची कातडी चिमटीत धरून पाहिली. म्हणाल्या, "कातडी जाड आहे आणि आतलं कार्टिलेज, म्हणजे हाडासारखा पण लवचिक भाग, मऊ. नुसतं कापून लहान केलं तर शेंडा आणखी गोल दिसेल."

सगळी मेख इथेच आहे. या सर्जरीचे जुने आडाखे युरोपातल्या नाकांवर बसवलेले: कातडी पातळ, आतला सांगाडा भक्कम, मधे उंचवटा, म्हणून काम मुख्यतः तासायचं. जाड कातडीखाली तासलेलं दिसतच नाही. तिथे उलट आतून आधार उभा करावा लागतो. त्यासाठी कार्टिलेज नाकाच्या पडद्यातून घेतात, नाही पुरलं तर कानातून किंवा बरगडीतून. नाकपुड्या आत घ्यायच्या असतील तर त्या जिथे गालाला टेकतात तिथली बारीकशी पाचर काढतात. हे जास्त झालं तर श्वासाला त्रास होतो, आणि काढलेलं परत लावता येत नाही.

'एथनिक' हा शब्द मात्र मला खटकतो. बर्लिनमध्ये झाक योझेफ नावाचे सर्जन 1898 पासून या सर्जरी करत होते. ते स्वतः ज्यू, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या कित्येक ज्यूंना नाकावरून ओळखू येणं नको होतं. आपल्याकडे 1891 मध्ये हर्बर्ट रिस्ली या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधल्या जातीजमातींच्या नाकांची मापं छापली. रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, आणि त्यावरून म्हणे कोण वरचा आणि कोण खालचा! तेव्हा 'भारतीय नाक' म्हणून कुणी एकच नमुना पुढे केला तर जरा सावध राहा. माझ्या एका चुलतबहिणीचं नाक सरळ, धारदार आहे. तिला माझी सर्जरी काय कामाची?

मॅडमनी आणखी एक विचारलं होतं, "नथ घालता का?" नाकपुडी आत घेतली की टोचलेल्या भोकाची जागा किंचित सरकते. त्यांनी पेनाने खूण करून आरशात दाखवलं. खरंच थोडं सरकलं, पण नथ ठीक बसते.

नाकावरचा स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी) आठवड्यात निघाला. शेंड्याची सूज मात्र वर्षभर रेंगाळली. जाड कातडीला वेळ लागतोच, त्यामुळे तीन महिन्यांनी आरशापुढे रडायला बसू नका (मी बसले होते). डॉक्टरांकडे तुमच्यासारख्या कातडीच्या पेशंटचे फोटो मागा, तेही सर्जरीनंतर वर्षभराने काढलेले.

आणि पैशांचं म्हणाल तर नावाचे जादा पैसे देऊ नका. कार्टिलेज कुठून घेणार ते विचारा. बरगडीतून घ्यायचं असेल तर काम मोठं होतं, छातीवर वेगळी चीर येते, तिथे खर्च वाढणं समजू शकते.