बंदुका असूनही भारत-चीनचे सैनिक दगड-काठ्यांनी का भांडतात?

तुम्ही विचारलंय की दोन्हीकडे अणुबॉम्ब, खांद्याला रायफली, आणि तरी लडाखमध्ये मारामारी होते ती दगडांनी आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी, हे काय नाटक आहे? नाटक नाहीये, चक्क लेखी करार आहे. १९९६ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन दिल्लीला आले होते तेव्हा सह्या झाल्या, आणि त्यात सरळ लिहिलंय की एलएसीपासून (म्हणजे भारत-चीनमधली प्रत्यक्ष ताबारेषा) दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, स्फोट करायचे नाहीत, इतकंच काय बंदुकीने शिकारसुद्धा करायची नाही. शिकारीचं वाचून मला आधी हसू आलं होतं, पण विचार करा, एका उजाड खोऱ्यात एक बार उडाला तर पलीकडच्या पोस्टवर काय समजतील.

खरा प्रश्न असा आहे की असा करार लागतोच कशाला. गावाकडचे असाल तर एका मिनिटात कळेल. आमच्या काकांचं शेजारच्या शेतवाल्याशी बांधावरून वीसेक वर्षं चालू आहे, तो दरवर्षी नांगरताना बांध थोडा कोरतो, काका दुसऱ्या दिवशी जाऊन दगड परत जागेवर ठेवतात, शिव्या होतात, एकदा तर गचांडीपर्यंत गेलं, पण कोयता आजवर कोणी उचलला नाही कारण एकदा कोयता निघाला की ते भांडण बांधाचं राहत नाही हे दोघांनाही पक्कं माहितीये.

एलएसी म्हणजे असाच मोजणी न झालेला बांध. लोक एलओसी आणि एलएसी एकच समजतात, तसं नाही. पाकिस्तानबरोबरची एलओसी म्हणजे नियंत्रण रेषा, ती १९७२ मध्ये दोन्ही बाजूंनी नकाशावर आखून सह्या केलेली आहे. चीनबरोबर तसं काहीच नाही. आपण म्हणतो ही रेषा ३,४८८ किलोमीटर, चीन म्हणतो दोन हजारच्या आसपास, म्हणजे लांबीच जुळत नाही तर पुढचं काय बोलणार! मग ताबा दाखवायचा कसा, तर चालून. आपली गस्त आपल्या समजुतीच्या टोकापर्यंत जाते, त्यांची त्यांच्या, आणि आपण येऊन गेलो याची खूण म्हणून सिगारेटची पाकिटं, रिकामे डबे तिथे टाकून यायचे. दोन गस्ती समोरासमोर आल्या तर कापडी बॅनर उघडून धरायचा, की ही आमची हद्द आहे, मागे फिरा. बहुतेक वेळा खरंच मागे फिरतात.

मी २०१८ मध्ये लडाखमधल्या पँगाँग तळ्यावर गेलो होतो, ही रेषा त्यातूनच जाते. सगळे जण तळ्याच्या निळ्या पाण्याचे फोटो काढत होते आणि आमचा ड्रायव्हर मात्र हात पालथा धरून आम्हाला फिंगर समजावत होता. उत्तर काठावर डोंगराच्या सोंडा बोटांसारख्या पाण्यात उतरतात, त्यांना आपल्या बाजूने सुरू करून नंबर दिलेत, तेच फिंगर. आपला दावा फिंगर ८ पर्यंत, चीन म्हणतो आमचं फिंगर ४ पर्यंत, म्हणजे मधल्या पट्ट्यात दोघंही गस्त घालणार. त्यात चीनने फिंगर ४ पर्यंत गाडीचा रस्ता करून ठेवलेला आणि आपले जवान ४,३०० मीटरच्या वर पायी चालत जायचे. तिथे माझा दोन पायऱ्या चढून दम निघाला होता, पाठीवर वजन घेऊन ते कसे चालत असतील देव जाणे.

बंदूक चालवली तर काय होतं हे १९६७ मध्ये सिक्कीममधल्या नथू ला खिंडीत दिसलं होतं. आपण खिंडीत तारेचं कुंपण घालायला घेतलं, त्यावरून आधी बाचाबाची, मग धक्काबुक्की, मग मशीनगन, आणि मग थेट तोफा, काही दिवस ते चाललं. १९७५ मध्ये अरुणाचलात तुलुंग ला इथे आसाम रायफल्सचे चार जवान गोळीबारात गेले. त्यानंतर ४५ वर्षं गोळी सुटली नाही.

पण गोळी नाही म्हणजे माणसं मरत नाहीत असं नाही. लडाखमधल्या गलवान खोऱ्यात १५ जून २०२० च्या रात्री आपले २० गेले, त्यात कमांडिंग ऑफिसर कर्नल संतोष बाबू स्वतः होते. अंधार, गोठवणारी नदी, कडे, काही जण तर पाण्यात पडून आणि थंडीने गेले. चीनने आठ महिन्यांनी चार मेल्याचं मान्य केलं. आणि गलवानच का, तर त्या खोऱ्याच्या तोंडाशी श्योक नदीच्या काठाने उत्तर टोकाच्या आपल्या दौलत बेग ओल्डी ठाण्याला जाणारा २५५ किलोमीटरचा रस्ता आहे. रस्ता हे या भांडणातलं फार जुनं दुखणं आहे. १९५० च्या दशकात चीनने शिनजियांग ते तिबेट रस्ता अक्साई चीनमधून (लडाखच्या पूर्वेचा, आपण आपला म्हणतो तो भाग) काढला तिथूनच तर १९६२ कडे गाडी घसरत गेली (त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं, ती गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते, रस्त्याची मात्र कोणाला आठवत नाही).

तुम्ही शेवटी विचारलंय की आता मिटलं का. २०२१ मध्ये पँगाँगवरून दोघं मागे सरकले आणि फिंगर ३ ते ८ मध्ये कोणीच गस्त घालायची नाही असं ठरलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमध्येच देपसांग आणि देमचोकला गस्त परत सुरू करायचं ठरलं. पँगाँगसारखे गस्त बंद ठेवलेले पट्टे, म्हणजे बफर झोन, मला स्वतःला फारसे पटत नाहीत, भांडण नको म्हणून आपल्याच शेताचा तुकडा पडीक ठेवण्यातला तो प्रकार आहे, आणि त्याचा फटका बसतो तो पँगाँगजवळच्या चुशूल गावाच्या बाजूच्या मेंढपाळांना, कारण हिवाळ्यात जनावरं न्यायची कुरणं अशाच पट्ट्यात येतात. मोजणीचं म्हणाल तर या रेषेच्या मधल्या भागाचे (हिमाचल-उत्तराखंडकडच्या) नकाशे दोन्ही देशांनी २००० च्या सुमारास एकमेकांना दिले होते, लडाखच्या नकाशांची अदलाबदल मात्र अजून झालेली नाही.